पाठमोऱ्या माणसासाठी सिनेमे

मला एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी वाणगावला आमच्या वाडीत मिरची तोडायला बायका यायच्या, त्यांना मी बांधावर बसून गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचे आणि कुणी मधेच पाणी प्यायला उठली तर रुसायचे. पालघरच्या कॉलेजात मैत्रिणींना पुस्तकं द्यायचे आणि दोन दिवस जात नाहीत तोच ‘कुठपर्यंत आलीस?’ म्हणून मागे लागायचे. पुढे बोईसरच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. तिथे डब्याच्या सुट्टीत मी गझला ऐकवायला लागले, तेव्हा बिहारहून आलेला माझा सहकारी कानात इअरफोनची बोंडं घालून जेवायला लागला. लोक तुझ्या स्वभावाला नाही, तुझ्या शिफारशींना घाबरतात, असं माझा नवरा म्हणतो. त्यात तथ्य असावं.

लग्न होऊन मी आले ती तारापूरच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडावरच्या एका मच्छीमार गावात. घरची बोट आहे. सासरे तिचे तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालते, आणि नवरा इंजिन सांभाळतो. लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. सासूने थोडे दिवस डोळ्यांना पदर लावला आणि मग एका सकाळी मला बोंबील साफ करायला बसवलं. तिचा राग तेवढ्यावर भागला. सासऱ्यांचा भागला नाही.

त्यांची तक्रार माझ्या माहेराबद्दल नव्हती. बाप्ये समुद्रातून जे आणतात ते बंदराला लागल्या क्षणापासून बायकांचं असतं. निवडायचं, वाळवायचं, विकायचं, गिऱ्हाइकाशी भांडायचं, सगळं त्यांच्या हातात. सासूनंतर पाटी उचलणारी सून त्यांना हवी होती आणि मुलाने आणली ती सकाळी डबा घेऊन बोईसरच्या बसमागे धावणारी. उद्या मासळी उतरवायला बंदरावर कोण उभं राहणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खोटा नव्हता, म्हणून तर मला त्याचा जास्त राग यायचा.

ते माझ्याशी भांडले नाहीत. नुसते बोलत नव्हते. मी समोर उभी असताना सासूला म्हणायचे, ‘तिला सांग, चा थंड झाला.’ मी ‘बाबा’ म्हणून हाक मारली की खाडीकडे बघायचे, जणू हाक तिकडून आली. बोटी वर ओढल्या गेल्या, पावसाळा सरला, बोटी पुन्हा पाण्यात गेल्या, तरी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द नाही. घरातला माणूस आपल्याशी बोलत नाही याचं दुःख फार चमत्कारिक असतं. बाहेर सांगावं तर लोक म्हणतात, बरंय की, कटकट नाही. मला मात्र त्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं, आणि पाहुणीला भांडी घासावी लागत नाहीत.

बोट एकदा बाहेर पडली की चार-पाच दिवस परतत नाही. किनारा दिसेनासा झाला की मोबाइलची रेंज जाते. जाळी पाण्यात सोडल्यावर पाण्याची ओढ फिरेपर्यंत बसून राहायचं असतं, आणि माणसं पत्ते तरी किती खेळणार? म्हणून फेरीच्या आधी मेमरी कार्डात सिनेमे आणि गाणी भरून नेतात. आमच्या बोटीचं कार्ड बोईसर स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याकडून भरून यायचं. त्यात काय काय असतं ते मी एकदा पाहिलं आणि माझ्या अंगात आलं. नवऱ्याला म्हटलं, यापुढे कार्ड मी भरणार.

‘भर की,’ तो म्हणाला. ‘पन खलाशी हायेत ते. तुज्या कॉलेजातल्या पोरी नायत.’

खरं सांगायचं तर खलाशांची मला पर्वा नव्हती. डोंगरातल्या गावांतून हंगामापुरती येणारी ती माणसं, भली होती, पण मला त्यांना नव्हतं गाठायचं. जो माणूस माझं बोलणं ऐकत नाही तो माझा सिनेमा तर बघेल, असा माझा डाव होता. चांगला सिनेमा दिला की घेणारा आपल्याशी निदान चार शब्द बोलतोच, हा माझा जन्माचा अनुभव. शिव्या देण्यासाठी का होईना, बोलतो.

पहिल्या फेरीला मी माझा सगळ्यात लाडका सिनेमा पाठवला. डोंगरातल्या एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात, धुकं येतं, धुकं जातं, म्हातारी एक शाल विणते. बस एवढंच. मी तो तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा रडले आहे. बोट परत आली. सासरे हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि माझ्यादेखत मुलाला म्हणाले, ‘तिला सांग, त्या पिच्चरमदे कोन बोलतच नाय.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि मी तर मिरच्यांच्या गावची. गाढवापुढे वाचली गीता, असं मी मनात म्हणून घेतलं. मग वाटलं, नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. हाच सिनेमा पोटच्या मुलीने दिला असता तर गोड लागला असता.

दुसऱ्या फेरीला मी जास्त विचार केला आणि जास्त मोठा घोळ घातला. समुद्रावरच्या माणसांना समुद्राचा सिनेमा आवडेल, असं कुणालाही वाटेल; म्हणजे वाणगावच्या कुणालाही वाटेल. मी एक परदेशी सिनेमा शोधून काढला. त्यात वादळ होतं, एकटी बोट होती, किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी बायको होती आणि शेवटी बोट काही परत येत नव्हती. किनाऱ्यापासून दिवसभराच्या अंतरावर आमच्या माणसांनी तो लावला. खलाशांनी अर्ध्यावर बंद केला आणि मग दिवसभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही, असं नवऱ्याने घरी येऊन सांगितलं. सासू ऐकत होती. तिच्या घरात बोटीच्या बाबतीत काही शब्द उच्चारायलासुद्धा बंदी आहे आणि मी तर अख्खा सिनेमा पाठवला होता.

‘बोटीवर आसला कोन पाठवते गो?’ ती म्हणाली आणि मीठ-मिरच्या घेऊन नवऱ्याची, सासऱ्यांची दृष्ट काढायला बसली. मिरच्या माझ्या माहेरून आलेल्या होत्या. सासरे काहीच म्हणाले नाहीत, ‘तिला सांग’सुद्धा नाही.

त्यानंतर मी विनोदी पाठवले, लढाईचे पाठवले, एक देवाचाही पाठवला. खलाशी खूश होते, त्यांचे निरोप यायचे, वहिनींना सांगा झकास होता. पण तांडेलाकडून काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. कार्ड पुन्हा मोबाइलवाल्याकडे द्यावं असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

मग एका रविवारी नवऱ्याच्या मोबाइलवरचे बोटीवरचे व्हिडिओ बघत बसले होते. एका व्हिडिओत केबिनच्या दाराला दोरीने मोबाइल टांगलेला दिसला आणि त्याच्यासमोर खलाशी एकमेकांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून बसलेले. माझाच कुठलातरी सिनेमा चालू होता. त्यांच्या मागे सुकाणूवर हात ठेवून सासरे उभे. तोंड पाण्याकडे, पाठ सिनेमाकडे. मी नवऱ्याला विचारलं, बाबा बघत नाहीत?

‘ते कसं बघतील?’ तो म्हणाला. ‘कुठली बोट जवळ येते, जाळ्यावर तरंगनारी बोयरी कुठं सरकली, त्यांचे डोले पान्यावर. ते कायम आसंच. आयकतात फक्त.’

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. धुक्याचा माझा सिनेमा त्या माणसाने पाठमोरा उभा राहून ऐकला होता. त्याच्यासाठी दोन तास वाऱ्याचा आवाज आणि मधूनमधून म्हातारीचा खोकला एवढाच तो सिनेमा होता. वारा काय त्याला कमी होता? ‘कोन बोलतच नाय’ ही तक्रार नव्हती, ती खरी माहिती होती. मला इतकं हसू आलं की नवरा घाबरला. आणि बरंही वाटलं. माझा सिनेमा त्याने नाकारला नव्हता, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

तेव्हापासून मी सिनेमे कानांनी निवडायला लागले. भाकऱ्या थापताना मोबाइल फडताळात पालथा ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं. ऐकून गोष्ट कळली तर पास, नाही तर नापास. माझे एकूण एक लाडके सिनेमे नापास झाले. ज्यांची मी कॉलेजात टिंगल केली होती ते जुने, बडबडे सिनेमे पहिल्या वर्गात पास. त्यांत माणूस दार उघडतानासुद्धा ‘थांब, मी दार उघडतो’ असं म्हणतो. मला वाटायचं, किती बाळबोध. आता वाटायला लागलं की कुणीतरी, कुठेतरी पाठमोऱ्या माणसाचीही सोय बघितली होती. गाण्यांचंही तसंच. ढोलाची गाणी इंजिनाच्या धडधडीत विरघळून जात, तिथे शब्द सुटेसुटे येणारा, थोडा वरच्या पट्टीतला गळा लागायचा.

मी एक जुना कोर्टातला सिनेमा पाठवला, नुसते वाद आणि उलटतपासण्या. बोट आल्यावर सासरे ओट्यावर बसले, चहा संपवला आणि मुलाला म्हणाले, ‘तिला इचार, आसला दुसरा हाय का?’

‘तिला सांग’वरून आम्ही ‘तिला इचार’वर आलो होतो. मी आत चुलीशी उभी होते, एवढ्यानेच माझे डोळे भरले. नवरा दारात येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘बाबा इचारतात, आसला दुसरा हाय का.’ मी म्हटलं, त्यांना सांग, बघते.

असे सिनेमे काही अमाप नसतात. दिवाळीपर्यंत माझा साठा संपत आला. तेव्हा मला पुस्तकाची कल्पना सुचली. पालघरच्या वाचनालयातून मी एक जुनी कादंबरी आणली होती. घाटातल्या एका गावात एक बाई खानावळ चालवते. तिचा मुलगा भांडून पळून गेलेला असतो. बऱ्याच वर्षांनी तो दाढी वाढवून, नाव बदलून त्याच खानावळीत गिऱ्हाईक म्हणून येतो आणि रोज जेवून, पैसे ठेवून जातो. आईने त्याला ओळखलं की नाही ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. एवढी गोष्ट कुणाच्या तरी गळ्यात मारायची नाही म्हणजे मला अजीर्णच झालं असतं.

रोज कामावरून आले की खोलीचं दार लावायचं, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचा आणि घाम पुसत पुसत मोबाइलसमोर वाचायचं. सासूला वाटलं मी माहेरी फोन करून तिच्या चहाड्या सांगते. ती काही ना काही निमित्त काढून दारावर थाप मारायची. त्यामुळे कादंबरीत दर थोड्या वेळाने पाववाल्याचा भोंगा, कोंबडी आणि ‘काय एवढी बडबड चाललीय आत?’ असा सासूचा आवाज रेकॉर्ड झालेला आहे. मी तो काढायच्या भानगडीत पडले नाही.

शेवटची थोडी प्रकरणं राहिली आणि बोट निघाली. भरती कुणासाठी थांबत नाही. मी झालं तेवढं कार्डात भरलं आणि नवऱ्याला म्हटलं, बाकीचं पुढच्या फेरीला.

बोट परतायच्या दिवशी मी लॅबमध्ये होते. डब्याची सुट्टी नुकतीच झाली होती. नवऱ्याच्या नंबरवरून फोन आला. मला धस्स झालं, कारण रेंज आली की बोटीवरून पहिला फोन सासूला जातो, मला नाही. कोणती मासळी आहे, किती आहे, टेम्पो सांग, बर्फ सांग, बायकांना बोलाव, हे सगळं त्या एका फोनवर ठरतं. मी हॅलो म्हटलं. तिकडून इंजिनाचा आवाज, वारा आणि मग एक खोकला. तो खोकला मी ओळखला.

‘फुडं काय झाला?’ सासरे म्हणाले.

मी इतकी गडबडले की ‘कशाचं?’ असं विचारलं.

‘त्या खानावळवालीचा. वळखला का नाय तिनी पोराला?’

बोट खाडीच्या तोंडाशी उभी होती. पाणी अजून उथळ होतं, भरती चढल्याशिवाय आत शिरता येणार नव्हतं. ‘टाइम हाय आमाला,’ ते म्हणाले. ‘पुस्तक हाताशी हाय का?’

पुस्तक पर्समध्ये होतं.

‘मग वाच, बाय.’

बाय म्हणजे मुलगी. आमच्या गावात लेकीला असं म्हणतात. मी कॅन्टीनच्या मागे जिथे रिकामी पिंपं रचून ठेवतात तिथे गेले, एका पिंपाला टेकले आणि मोठ्याने वाचायला लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ते म्हणाले, ‘थांब,’ आणि मग दुसऱ्या कुणाला तरी, ‘इंजिन बंद कर रं.’ इंजिन बंद झालं. इंजिनावर माझा नवरा असतो. मग कुणीतरी मोबाइल उंच टांगल्यासारखा खडखडाट झाला, माणसं सरकून बसल्याचे आवाज आले, आणि नंतर इतकी शांतता की पाणी बोटीला लागतंय तेही मला बोईसरमध्ये ऐकू येत होतं.

मी वाचत राहिले. सुट्टी संपली. शिपाई दोनदा डोकावून गेला, ‘मॅडम, सँपल आ गया,’ मी हाताने त्याला जा म्हटलं. शेवटच्या पानावर कळतं की आईने मुलाला पहिल्याच दिवशी ओळखलेलं असतं. भाताची खरपुडी त्याला आवडायची, ती पहिल्या दिवसापासून त्याच्या पानात आपोआप पडत असते. पण नावाने हाक मारली तर तो पुन्हा निघून जाईल, या भीतीने ती बोलत नाही. तो पैसे ठेवतो, ती मोजून घेते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. तिथे कादंबरी संपते.

मी पुस्तक मिटलं.

‘पैल्या दिसापासना ठावं होता तिला?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘हो, बाबा.’

‘आनि बोलली नाय?’

‘नाही.’

 मग म्हणाले, ‘बोलाया पायजे होता. मुक्यानी बसून कोनाचा भला झालाय?’

मला हसू आलं. दुसरं कुणी हे म्हणालं असतं तर मी तिथल्या तिथे वाद घातला असता, कारण त्या बाईच्या न बोलण्यातच सगळं आहे असं माझं मत आहे. हा वाद आम्ही दोघांनी नंतर पुष्कळ घातला आणि तो अजून मिटलेला नाही. पण त्या वेळी मी ‘हो, बाबा’ एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून, पदराला तोंड पुसून, सँपल बघायला गेले.

संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा सासूचा आवाज नाक्यापर्यंत येत होता. भरतीबरोबर बोट आत आली होती आणि बंदरावर चिटपाखरू नव्हतं. टेम्पो नाही, बर्फ नाही, निवडायला बायका नाहीत. पहिला फोन तिला करायचा हे बोटीवरच्या एकालाही आठवलं नव्हतं. शेजारणीने येऊन सांगितलं तेव्हा ती धावत गेली आणि मिळेल त्याला पकडून मासळी उतरवली होती. नवरा कुठेतरी पसार झाला होता. सासरे ओट्यावर मान खाली घालून बशीतून चहा पीत होते. मी चपला काढल्या आणि मुकाट्याने त्यांच्या बाजूच्या पायरीवर बसले. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती, बाकी ओटाभर ती उभी होती.

‘तुमा दोघांना काय अक्कल हाय का नाय?’ ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. ‘पुस्तक वाचत बसलेव! मासली कोन उतरवनार, तुमचा तो लेखक?’

 ती टोपली उचलून तणतणत आत गेली. सासऱ्यांनी ती पूर्ण आत जाईपर्यंत वाट पाहिली, बशी खाली ठेवली आणि दाराकडे नजर ठेवून हळूच विचारलं, ‘दुसरा हाय का?’

‘हाय,’ मी म्हटलं.